नवऱ्याच्या देशात येऊन वर्ष होत आलं, तरी रुळत नाहीये

"लग्न करून नवऱ्याच्या देशात आले, वर्ष होत आलं, तरी मन लागत नाही, उठसूट भांडणं होतात, माझा निर्णयच चुकला का?" हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे इतक्यांदा येतो (बायकोच्या देशात गेलेले नवरेही विचारतात, फक्त जरा उशिरा) की म्हटलं एक केस लिहूनच टाकू. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ही मुलगी आपल्या देशात फिजिओथेरपिस्ट होती, स्वतःचे पेशंट, स्वतःची कमाई. नवरा तिकडचाच, तिथेच लहानाचा मोठा झालेला. तिथे हिची डिग्री थेट चालेना, परत परीक्षा, लायसन्स आणि त्याच्याही आधी भाषा. पहिल्या ऑनलाइन सेशनमध्ये ती फक्त नवऱ्याबद्दल बोलत होती, तो समजून घेत नाही, घर त्याचं, मित्र त्याचे, सगळं त्याचंच. मी मध्येच विचारलं, गेल्या आठवड्यात त्याच्याशिवाय कुणाशी बोललीस? गप्प. मग म्हणाली, आईशी, रोज, तासन् तास.

पुढे डेंटिस्टचा किस्सा निघाला. दाढ दुखत होती म्हणून नवरा घेऊन गेला, ही खुर्चीत आ वासून बसलेली आणि डॉक्टर तिच्या डोक्यावरून नवऱ्याला विचारतोय, हिला थंड लागलं की कळ येते का, किती दिवस दुखतंय. आणि नवरा उत्तरं देतोय, त्यातही बाजू चुकीची सांगितली, शेवटी हिने बोट दाखवलं. घरी आल्यावर जोरदार भांडण झालं, ते मात्र भांडी कोण घासणार यावरून!

खरी मेख इथेच आहे. नवरा वाईट नव्हता हो, उलट फारच करायचा, बँक, मोबाइल, व्हिसाचे फॉर्म, डॉक्टर, सगळं तोच. पण तो जितकं करायचा तितकी तिची स्वतः करायची सवय मोडायची, आणि तिला जमत नाही म्हणून तो अजून करायचा. त्यात ती जरा उदास दिसली की त्याला वाटायचं आपणच हिला इथे आणलं, आणि मग समजूत काढायची सोडून चिडायचा. अशात नवरा-बायको उरत नाहीत, एक पालक होतो आणि एक लेकरू.

"पण एव्हाना सवय व्हायला हवी ना?" हे तिचं पालुपद. कल्चर शॉकचे, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या धक्क्याचे, टप्पे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 1960 साली मांडले, त्याआधी 1955 मध्ये समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांना अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेच्या स्कॉलर्समध्ये दिसलं की सुरुवात बरी जाते, साधारण 6 ते 18 महिन्यांच्या काळात माणूस खचतो, मग सावरतो. हे ऐकून तिला बरं वाटलं. पण खरं सांगायचं तर हा चढउतार सगळ्यांना लागू पडत नाही, 1998 मध्ये न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला त्यात सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला होता. म्हणून मी कॅलेंडर बघून माणूस तपासत नाही.

मला जास्त उपयोगी वाटते ती फॅमिली थेरपिस्ट पॉलीन बॉस यांची 'ॲम्बिग्युअस लॉस' ही कल्पना, म्हणजे माणूस गेलेलाही नसतो आणि जवळही नसतो. आई रोज स्क्रीनवर दिसते, पण ती आजारी पडली तर तासाभरात पोचता येत नाही. करिअरचंही तेच, संपलंय असंही नाही आणि हातातही नाही. आणि याचं रडायचं कुणापुढे, लग्न तर स्वतःच्या पसंतीचं!

मग आम्ही काय केलं, तर आधी नवऱ्याला एक सेशनला बोलावून सांगितलं की एक काम सोडून दे. रूट कॅनालच्या पुढच्या अपॉइंटमेंटला ती एकटी गेली, लागणारी वाक्यं कागदावर लिहून. दोन शब्द ऐनवेळी आठवले नाहीत तिथे हातवारे केले, पण डॉक्टर यावेळी तिच्याशी बोलला. मग बँकेचं लॉगिन तिच्या नावाने झालं. आईचे फोन बंद नाही केले, फक्त सकाळचे संध्याकाळवर नेले, कारण अख्खी सकाळ त्यात जायची. भाषेसाठी ॲप सोडून क्लास लावला, तेच चेहरे दर आठवड्याला दिसतात म्हणून. आणि आपल्या देशाच्या लोकांत मिसळू नकोस, नाहीतर रुळणार नाहीस, असं सांगणाऱ्यांचं मी ऐकत नाही. स्थलांतरितांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांच्या कामातून साधारण हेच दिसतं की आपलं धरून नवंही घेणारी माणसं जास्त बरी राहतात.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या. झोप, भूक दोन आठवड्यांहून जास्त काळ उडालीय, कशातच रस नाही, जगणं नको वाटतंय, तर आधी डॉक्टर गाठा (शेवटचं असेल तर त्याच दिवशी). आणि जोडीदार पासपोर्ट स्वतःकडे ठेवत असेल, पैसे देत नसेल, कुणाशी बोलू देत नसेल, मारत असेल, तर हा रुळण्याचा प्रश्नच नाही, तिथल्या हेल्पलाइनला फोन करा. काही देशांत अशा जोडीदारासाठी व्हिसाची वेगळी तरतूद असते, व्हिसा जाईल या भीतीने गप्प बसू नका.

निर्णय चुकला का, हा प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता, तो आत्ता कुठे घेतलाय. परीक्षेचा एक पेपर अजून राहिलाय, भांडणं होतात, पण आता ती फीच्या पैशांवरून होतात. तिने पहिल्यांदाच विचारलं की काही वर्षं माझ्या देशात राहायचं का, आणि सध्या नवरा तिच्या देशाचा व्हिसा, तिथली नोकरी आणि भाषेचे क्लास गुगल करत बसलाय.