स्पायडरमॅन इतकी वर्षे लोकप्रिय का आहे?
१९६२ साली लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी हे पात्र निर्माण केले, तेव्हा अमेरिकी कॉमिक्समध्ये किशोरवयीन मुलांच्या वाट्याला बहुधा नायकाच्या मदतनिसाचीच भूमिका येत असे. स्पायडरमॅनच्या मुखवट्यामागचा पीटर पार्कर मात्र स्वतःच नायक झाला, आणि तोही घरभाड्याच्या विवंचनेतला, आपल्याच लढायांचे फोटो वर्तमानपत्राला विकणारा. माझ्या मते त्याच्या लोकप्रियतेचे मूळ या ओढाताणीत आहे. मूळ मालिकेच्या ३३व्या अंकात तो अवजड यंत्राखाली अडकतो, वरून पाणी गळत असते, मे काकूंचे औषध समोरच पण हात पोहोचणार नाही असे पडलेले असते, आणि तो ते यंत्र कसे उचलतो हे दाखवण्यासाठी डिटको पानांमागून पाने खर्च करतो. शिवाय स्पायडरमॅनचा मुखवटा संपूर्ण चेहरा झाकतो (बॅटमनची निदान हनुवटी तरी दिसते), त्यामुळे आत कोणीही असू शकते, अगदी वाचणारा मुलगासुद्धा.