'कार्यक्षमता' की 'झेपणं'? आणि व्हॅलिडेशनला काय म्हणावं?

फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: कर्मचाऱ्यांची काम करण्याची ताकद कितपत टिकून आहे हे मोजणारी एक परदेशी प्रश्नावली मी मराठीत आणली आहे. प्रबंधाला 'कार्यक्षमता प्रश्नावलीचे वैधीकरण' असं नाव दिलं, तर मराठी बरोबर होईल का?

मला दोन्ही शब्द बदलावेसे वाटतात, आणि पहिला तर बदलायलाच हवा.

प्रश्नावली 'वर्क अ‍ॅबिलिटी इंडेक्स' ही आहे असं धरतो. फिनलंडच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत युहानी इल्मारिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ती घडवली. सात घटक, कमीत कमी ७ गुण आणि जास्तीत जास्त ४९. २७ पर्यंत गुण आले तर स्थिती वाईट, ४४ पासून पुढे उत्तम. त्यामागचा विचार असा, की माणसाचं बळ आणि कामाची मागणी यांचा मेळ बसतो का ते बघायचं. माणूस चांगला की वाईट, चपळ की मंद, हे तिला विचारायचंच नाही.

आता 'कार्यक्षमता' घ्या. फोड केली तर अर्थ बरोबर निघतो, कार्याला क्षम असणं. पण वापरात हा शब्द केव्हाच दुसरीकडे गेला. पंपाची कार्यक्षमता, कार्यक्षम अधिकारी, कार्यक्षम नगरसेवक. हे प्रशस्तिपत्रक आहे. कर्मचाऱ्याच्या हातात कागद देऊन 'तुमच्या कार्यक्षमतेला १० पैकी किती गुण द्याल?' असं विचारलं, की त्याला वाटणार साहेबांनी आपलं मूल्यमापन लावलं आहे.

माझी मावशी एका रुग्णालयात आया होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना मी तिला हाच प्रश्न याच शब्दात विचारला होता. ती ताठ बसली. "दहा लिही. माझ्या कामात कुणी खोट काढून दाखवावी." मग मी म्हटलं, "मावशी, पूर्वी जसं झेपायचं तसं आता झेपतं का गं?" ती जरा थांबली. "पूर्वी पेशंटला दोघी मिळून उचलायचो, आता तिसरी लागते. रात्रपाळी केली की दोन दिवस अंग धरतं. सहा लिही." बाई तीच आणि दिवसही तोच, पण एका क्रियापदाने चार गुणांचा फरक पडला.

'झेपणं' हे आपलं फार नेमकं क्रियापद आहे. 'जमणं' कौशल्याचं. पोळ्या जमत नाहीत म्हणजे लाटता येत नाहीत. रोज पन्नास पोळ्या झेपत नाहीत म्हणजे लाटता उत्तम येतात, पण खांदा साथ देत नाही. शिवाय 'मला काम झेपतं' या वाक्यात कर्ता काम आहे, माणूस 'ला' लावून बाजूला उभा. दोष माणसाचा की कामाचा, हे वाक्य ठरवतच नाही, फक्त दोघांचा मेळ सांगतं. इल्मारिनेन यांना हवी होती ती कल्पना इतकी थेट कुठल्याही संस्कृत नामात मला सापडत नाही. अडचण एकच, 'झेपणं'पासून सोयीचं नाम होत नाही. 'झेप' म्हणजे उडी. 'कुवत' जवळचा आहे, पण 'तुझी कुवत किती' यात पाणउतारा डोकावतो. म्हणून शीर्षकापुरतं 'कार्यसामर्थ्य' घ्यावं आणि प्रश्नांमध्ये झेपणंच ठेवावं.

राहिला 'वैधीकरण', म्हणजे व्हॅलिडेशन: प्रश्नावली जे मोजायचं म्हणते तेच मोजते का, हे पडताळणं. वैध म्हणजे कायद्याला धरून. जात वैधता प्रमाणपत्र, पासाची वैधता, वजनकाट्यांवर शिक्का मारणारा वैधमापन विभाग, सगळीकडे कायदा किंवा मुदत आहे. प्रश्नावली बेकायदा नव्हतीच, तिला वैध काय करणार? 'प्रमाणीकरण'ही नको, ते स्टँडर्डायझेशनसाठी रूढ आहे. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'सप्रमाणता' हा शब्द भेटतो, तो मला मनापासून आवडतो. 'सप्रमाण सिद्ध करणे' आपण रोज म्हणतो, म्हणजे पुरावा देऊन. इथेही नेमकं तेच करायचं असतं: या गुणांचा आम्ही जो अर्थ लावतो, त्याला हा पुरावा. फिनलंडमध्ये नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांचा १९८१ ते १९९२ असा पाठपुरावा झाला, आणि सुरुवातीला कमी गुण असलेल्यांमध्ये पुढे अपंगत्व निवृत्तिवेतनावर जाण्याचं प्रमाण मोठं निघालं. असा पुरावा.

'विश्वसनीयता' मात्र वेगळी, आणि प्रबंधांमध्ये इथेच गल्लत होते. भाजीवाल्याचा काटा दर वेळी बरोबर पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, रोज तेच सांगतो. पण सप्रमाण नाही. उत्तरांवरून काढतात तो क्रॉनबाखचा अल्फा हा आकडा ०.७० च्या वर आला म्हणून 'प्रश्नावली व्हॅलिडेट झाली' असं लिहू नका. प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत, एवढंच तो सांगतो. सगळेच प्रश्न 'कार्यक्षमता' म्हणून विचारलेत तर सगळी उत्तरं मिळून एकसुरात भलतंच सांगतील, आणि अल्फा झकास येईल.

उलट अनुवादावरही, म्हणजे मराठी प्रश्न परत इंग्रजीत नेऊन मूळ प्रश्नांशी ताडून बघण्यावरही, पूर्ण भिस्त ठेवू नका. 'कार्यक्षमता' परत इंग्रजीत नेणारा अनुवादक शब्दाची फोड करून 'वर्क अ‍ॅबिलिटी' लिहू शकतो, आणि कागदावर सगळं जुळतं. त्याआधी आठ-दहा कर्मचाऱ्यांसमोर बसा, प्रत्येक प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, "यातून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दात सांगा." हासुद्धा सप्रमाणतेचाच पुरावा आहे, तो प्रबंधात लिहा.

शीर्षक असं करता येईल: 'कार्यसामर्थ्य प्रश्नावलीच्या मराठी रूपाची सप्रमाणता'. आणि पहिला प्रश्न असा विचारून बघा: 'तुमचं काम तुम्हाला सगळ्यात चांगलं झेपत होतं, त्या काळाला १० गुण दिले आणि अजिबात न झेपण्याला ०, तर आज किती द्याल?'