गोव्यात बी.ए. करताना इतिहासासोबत पुरातत्त्व घ्यावं का?

नक्की घ्या. गोव्यात तर हे दोन विषय वेगळे काढणंच कठीण आहे. 1510 नंतरच्या पोर्तुगीज काळाची कागदपत्रं पणजीच्या पुराभिलेखागारात भरपूर आहेत, पण त्याआधीचा गोवा बराचसा दगडमातीतच वाचावा लागतो. चांदर ही कदंबांची जुनी राजधानी. तिथं उत्खननात विटांच्या मंदिराचा पाया निघाला. सांगे तालुक्यात कुशावतीकाठी उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत. त्यांच्याबद्दल एकही कागद बोलत नाही. ती एकदा बघाच, शक्यतो पावसाळ्यानंतर.

मात्र मोडी आणि पोर्तुगीज आत्तापासूनच शिकायला घ्या. ही तयारी टाळणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. पदवीनंतर पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहेच.