विचारा बिनधास्त : दिवाळीच्या सुट्टीत रिमोट कुणाच्या हातात?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की सुट्टीत घरच्यांबरोबर सिनेमा बघताना काय काय होतं ते कळवा. मला वाटलं चार-दोन गमती येतील, आली ती सगळी गाऱ्हाणीच! त्यातली पाच घेतेय.

प्रश्न : ताई, दिवाळीत आमच्याकडे अकरा माणसं. सासू-सासरे, दीर-जाऊ, नणंद-नंदावा, आम्ही दोघं आणि तीन पोरं, सगळ्यात धाकटा सहा वर्षांचा आणि थोरली पंधराची. भाऊबीज उरकली की सगळे टीव्हीसमोर बसतात आणि पाऊण तास नुसतं 'हा नको, तो लाव' चालतं. शेवटी कुठला तरी लागतो, निम्मे घोरतात, निम्मे मोबाइलमध्ये. मी आणि जाऊ ओट्यापाशी, आम्हाला सिनेमाचं नावसुद्धा धड माहीत नसतं. सगळ्यांना आवडेल असा एखादा सिनेमा सांगा ना. (एक सून, चिंचवड)

उत्तर : असा सिनेमा नाहीये गं. म्हणजे 'अशी ही बनवाबनवी' आहे, पण तो १९८८ पासून प्रत्येक घरात इतक्यांदा बघून झालाय की तो लावला की सिनेमा बघत कुणी नाही, नुसते पुढचे डायलॉग म्हणत बसतात, त्यातही मजा आहेच, पण तो एका दुपारचा झाला, बाकीच्या दिवसांचं काय?

सगळ्यांना आवडेल असं शोधत बसलात की जे मिळतं ते कुणालाच फारसं आवडत नाही. त्यापेक्षा पाळी लावा. एक सिनेमा एकाचा. ज्याची पाळी त्याने सकाळच्या चहालाच नाव सांगायचं, आणि पहिला अर्धा तास बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही. अर्ध्या तासानंतर उठून जायला मुभा, पण टोमणा मारून नाही. सासऱ्यांच्या पाळीला ब्लॅक अँड व्हाइट येईल, येऊ दे. आमच्याकडे बाबांच्या पाळीला 'श्यामची आई' लागला होता, अत्र्यांचा, १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. माझा भाचा आधी 'हे काय जुनंपानं' म्हणून तोंड वाकडं करून बसला आणि मग तासाभराने उशीत तोंड घालून रडत होता आणि वर म्हणे सर्दी झालीय.

सहा वर्षांच्या पोराची पाळी संध्याकाळी पाचला ठेव, कारण साडेआठला तो असाही झोपणार. आणि कुणी त्याच्यासाठी म्हणून 'झपाटलेला' सुचवला तर जरा थांब. आपल्याला तो विनोदी वाटतो, पण रामदास पाध्यांचा तो तात्या विंचू बाहुला सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात रात्री दोन वाजता जागा होतो आणि मग त्याच्या उशाशी तुलाच बसावं लागतं, नंदावांना नाही.

आता ओट्याचं. खरा प्रश्न तुझा हाच आहे आणि तो तू पत्राच्या शेवटी हळूच लिहिलायस, म्हणून मी आता जरा जोरात लिहिते. सिनेमाच्या दिवशी स्वयंपाक एकाच पातेल्यातला. मसालेभात, कढी आणि वर पापड, बास. गरम पोळ्या नाहीत, 'जरा भजी टाक ना' तर अजिबातच नाही, फराळाचे डबे आहेत की भरलेले. पानं पुरुषांनी उचलायची, आणि शेवटचं माणूस येऊन टेकेपर्यंत प्ले दाबायचं नाही. मध्येच उठावं लागलं तर पॉज. 'तू ये, तोवरचं मी सांगतो' हे चालणार नाही, कारण सांगणारा नेमकी मधली मजा विसरतो. आणि थिएटरमध्ये मध्यंतर असतं ना, तसं घरी पण घ्या, दहा मिनिटं, चहा नवऱ्यांनी करायचा. ओटीटीवाल्यांनी मध्यंतर काढून टाकलं त्याचं कुणाला काही वाटलेलं दिसत नाही, मला फार वाटतं.

(आमच्या लहानपणी गणपतीत वाड्यात व्हीसीआर भाड्याने यायचा, सोबत तीन कॅसेट, आणि पैसे एका रात्रीचे दिलेले म्हणून रात्रभर तिन्ही संपवायचे. निवड मंडळाची पोरं करायची, बाकी कुणाला विचारायचेच नाहीत, त्यामुळे भांडणही नाही. आईनं त्यातला एकही सिनेमा शेवटपर्यंत बघितला नाही, हे मला ती गेल्यावर मावशीनं सांगितलं.)

प्रश्न : एक हिंदी सिनेमा मी टीव्हीवर दोनदा बघितलेला, अगदी साधा, म्हणून गणपतीच्या सुट्टीत सासऱ्यांसमोर बिनधास्त ओटीटीवर लावला, तर विसाव्या मिनिटाला असला सीन आणि असल्या शिव्या की मामंजी पेपर उघडून बसले, तोही उलटा. हा सीन टीव्हीवर नव्हताच हो! (कोल्हापूर)

उत्तर : नव्हताच, तुमची आठवण अगदी बरोबर आहे. 'ए' सर्टिफिकेटचा सिनेमा आपल्याकडे टीव्हीवर दाखवताच येत नाही, आधी काटछाट करून 'यू' किंवा 'यूए' सर्टिफिकेट घ्यावं लागतं. म्हणजे टीव्हीवर तुम्ही पाहिला तो कापलेला. ओटीटीवर बहुतेक वेळा अख्खा असतो, आणि तिथे सेन्सॉर बोर्डाची सक्ती नाही, २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीच स्वतः वय ठरवून लिहिते: यू, सात प्लस, तेरा प्लस, सोळा प्लस, ए. थिएटरच्या सिनेमांनासुद्धा २०२३ च्या दुरुस्तीपासून यूएचे असेच तीन भाग आलेत. सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात ते दोन-तीन सेकंद दिसतं, आणि नेमकं तेव्हाच आपण चिवड्याचा डबा उघडत असतो. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात भाषा, हिंसा वगैरे पण लिहिलेलं असतं, ते वाचा, आकड्यापेक्षा तेच जास्त कामाचं. तेरा प्लस आणि पुढच्यासाठी पिन लावायची सोय कंपन्यांना द्यावीच लागते, तो पिन पोरांच्या वाढदिवसाचा ठेवू नका म्हणजे झालं.

आणि फॉरवर्डच्या नादी लागू नका, दहा सेकंद पुढे गेलं की तोच सीन दहा सेकंद पुढचा दिसतो, तेही सगळं घर श्वास रोखून बघत असताना. त्यापेक्षा उठून 'पाणी कुणाला हवंय?' विचारणं बरं, सगळे हो म्हणतात.

प्रश्न : आजोबांना संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की मारामारीत शेजारी येतात. शिवाय नव्या मोठ्या टीव्हीवर सगळे सिनेमे सिरियलसारखे दिसतात असं ते म्हणतात, आम्ही हसतो. (सातारा)

उत्तर : हसू नका, आजोबांचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, टीव्ही त्यात आपल्या मनाने मधल्या फ्रेम घुसवतो आणि सगळं गुळगुळीत सिरियलसारखं दिसायला लागतं. सेटिंगमध्ये 'मोशन' असं काहीतरी नाव असेल ते बंद करा, किंवा 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा. जुना सिनेमा आडवा ताणला जाऊन सगळ्या नट्या जाड दिसत असतील तर पिक्चर साइज ४:३ करा, काळ्या पट्ट्या येतील त्या येऊ द्या.

आवाजाचं असं की नव्या सिनेमात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात, आणि आपल्या टीव्हीला असतात दोन छोटे स्पीकर, तेही बहुतेकदा खाली नाहीतर भिंतीकडे तोंड करून. अॅपमध्ये ऑडिओत ५.१ च्या ऐवजी स्टिरिओ निवडून बघा, टीव्हीच्या साउंडमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'स्पीच' असतं ते लावा, आणि सबटायटल चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही, मी स्वतः ठेवते. तेवढ्याने नाही भागलं तर एकदा कान तपासून घ्या आजोबांचे, सणाच्या दिवशी मात्र तो विषय काढू नका.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत. थँक्सगिव्हिंगला गुरुवार ते रविवार सुट्टी, चार मराठी कुटुंबं जमतो. मुलं दहा ते तेरा वर्षांची, मराठी कळतं पण बोलत नाहीत, मराठी सिनेमा म्हटलं की बेसमेंटमध्ये पळतात.

उत्तर : तुम्ही बहुधा 'चला, आता आपली संस्कृती बघू' अशा आवाजात बोलावत असणार, मग मीसुद्धा पळाले असते. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावा, परेश मोकाशींचा, २००९ चा, दीड तासाच्या आसपासचा. भारतातर्फे ऑस्करला गेला होता, सबटायटलचा प्रश्न नाही. आधी पोरांना एवढंच सांगा की एका माणसाला सिनेमा काढायचाय, सिनेमा म्हणजे काय हे आसपास कुणाला धड माहीत नाही, घरातल्या वस्तू विकून झाल्यात आणि हिरॉइनच मिळत नाहीये. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाला तो अण्णा साळुंके नावाचा पुरुष, तो हॉटेलात स्वयंपाकी होता, हे ऐकल्यावर दहा वर्षांचं पोर बेसमेंटमधून वर येतंच. दुसऱ्या दिवशी 'एलिझाबेथ एकादशी', पंढरपूर आणि एक सायकल, त्यातली मुलं साधारण तुमच्याच मुलांच्या वयाची आहेत आणि आईला न सांगता धंदा करतात, तेवढं पुरे. तिकडे कुठल्या अॅपवर आहे ते बुधवारीच शोधून ठेवा, टर्की ओव्हनमध्ये असताना नाही.

'सैराट' मात्र या वयात नको. गाण्यांवर पोरं नाचतात म्हणून आई-बाप लावतात, जवळजवळ तीन तास बसतात, आणि शेवटाला काय करायचं ते कुणालाच सुचत नाही.

प्रश्न : नवरा आधी बघितलेला प्रत्येक सिनेमा माझ्यासोबत परत बघतो आणि 'आता बघ हं, आता बघ' म्हणत राहतो. काय करू? (नाव नको, डोंबिवली)

उत्तर : त्याला मधल्या सुट्टीचा चहा करायला पाठवा आणि पॉज करू नका.