थायरॉइडची गोळी आणि अश्वगंधा

प्रश्न: आई ५८ वर्षांची आहे, थायरॉइड कमी असल्याने रोज गोळी घेते. आता शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून कॅल्शियम आणि अश्वगंधा चूर्णही सुरू केलंय, सगळं सकाळी एकदमच घेते. चालेल का?

उत्तर: एकदम तर अजिबात नको. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा-एक तास चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर किमान ४ तासांनी, कारण कॅल्शियम पोटात त्या औषधाला धरून ठेवतं, ते रक्तात नीट उतरतच नाही आणि मग टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्ततपासणीत वाढलेला दिसणारा हार्मोन) वाढला की उगाच डोस वाढवला जातो. दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम घेतलं की प्रश्न मिटला.

अश्वगंधा मात्र डॉक्टरांना विचारेपर्यंत बंदच ठेवा. तिने रक्तातल्या थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वाढू शकतं, मग छातीत धडधड, झोप उडणं. "आयुर्वेदिक आहे, काय होतंय" असं लोक म्हणतात ना, त्याची मला खरंच काळजी वाटते, कारण अश्वगंधा आणि गुळवेलीने लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर लगेच दवाखाना गाठा, आणि जाताना चूर्णाची डबी सोबत न्या.