डाव्या हाताने लिहिलेल्या चार ओळी

«मावशी, माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे, छोट्या गटात जातो. शाळेतून रोज एक पान ‘अ’ आणि एक पान १ ते ५ असा गृहपाठ येतो. दोन ओळी झाल्या की पेन्सिल टाकतो, हात दुखतो म्हणून रडतो. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी पानंच्या पानं भरते. त्यात सासूबाई त्याला शेंगा फोडायला घेऊन बसतात, मग अभ्यासाची सवय लागणार कशी? राहिलेल्या ओळी कधीकधी रात्री मीच डाव्या हाताने लिहून टाकते, बाईंना कळू नये म्हणून. तो आळशी आहे का? त्याला वळण कसं लावू?
— एक आई, जुळे सोलापूर»

अगं, पत्र पूर्ण वाचलं, पण मी अडकले ती तुझ्या डाव्या हातापाशी. घर झोपल्यावर एक शिकलीसवरलेली बाई डाव्या हातात पेन्सिल धरून वाकडेतिकडे ‘अ’ काढत बसते आणि वर मला विचारते, मुलगा आळशी आहे का!

मला सांग, त्या ओळी लिहिताना काय झालं? पेन्सिल घट्ट आवळली असशील. अंगठ्याच्या बुडाशी कळ आली असेल. ‘अ’ कसा असतो हे तुला पक्कं ठाऊक, तरी वळण पोट फुगवून बसलं आणि काना रेघ सोडून खाली घसरला. एरवी सोप्या कामाला आपण डाव्या हाताचा मळ म्हणतो. चार ओळींत जीव मेटाकुटीला आला ना? तुझ्या पोराचे दोन्ही हात अजून डावेच आहेत गं. (डावखुऱ्यांनी राग मानू नये.) आणि त्याला तर ‘अ’सुद्धा नीटसा ठाऊक नाही.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चाच असते, म्हणजे मऊ, अजून हाड न बनलेली. या वयाच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातली तीन-चारच दिसतात. बोटांचे बारीक स्नायूही अजून तयार होतायत. मूल साधारण तिसऱ्या वर्षी बघून गोल काढतं, चौथ्याच्या आसपास अधिकाचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण त्याच्याही पुढे. आता ‘अ’ मोजून बघ: दोन वळणं, आडवी रेघ, काना, वर शिरोरेघ. आणि असे पानभर!

शेजारच्या मुलीचं म्हणशील, तर ती पानं कोणाच्या हातची, हे तुला तरी काय माहीत? तुझ्या मुलाची भरलेली वही दाखवून तिची आईही तिला हेच ऐकवत असेल. बाईंपुढे सगळ्या वह्या भरलेल्या येतात, त्यांना वाटतं वर्गाला जमतंय. मग उद्या दोन पानं. तुझा डावा हात अख्ख्या वर्गाचा गृहपाठ वाढवतोय.

तेव्हा तो आजपासून बंद. वही जितकी झाली तितकीच पाठवायची. दोन ओळी तर दोन ओळी. खाली तुझ्या खऱ्या अक्षरात लिही: ‘याने एवढंच केलं. पुढे हात दुखला. बाकीचं मी करून घेणार नाही.’ आणि सही ठोक. बाई कुरकुरल्या तर सांग, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून शिकायचा, आणि पहिली सहाव्या वर्षी. तुझ्या लेकाला अजून सव्वादोन वर्षं आहेत.

आता सासूबाई. तिथून पोराला उठवून तू वहीपुढे बसवतेस, हेच उलटं आहे. एकदा शेजारी बसून त्याची बोटं बघ. अंगठा शेंगेच्या शिवणीवर, समोरून तर्जनी, खालून मधलं बोट. कट् करून टरफल उघडतं. पेन्सिल याच तीन बोटांत राहायची आहे. शेंगांच्या चटणीचं गाव आपलं, शेंगांना तोटा नाही. दाणे मात्र वाटीत जाऊ देत, त्याच्या तोंडात नकोत. या वयात दाणा घशात अडकतो, म्हणून मोठं माणूस जवळ हवंच. कणकेच्या गोळ्या, कपड्यांचे चिमटे, तेही चालतील.

तुझं बघून तो अधिकाचं चिन्ह आपलं आपण काढू लागला, की पाटी काढ. खडूचा तुकडा मुद्दाम इवलासा दे, म्हणजे मुठीत मावतच नाही, चिमटीतच धरावा लागतो. सुरुवात ‘अ’ने नको. ग, म, भ, न. एक काना आणि एखादं वळण, तुझ्या आजीलाही असंच शिकवलं असेल. आधी बोटाने ताटातल्या रव्यात, मग पाटीवर, आणि तो कंटाळला की पुसून टाकायचं.

सोमवारी वही जाऊ दे. बाई काय म्हणाल्या ते मला कळव. उजव्या हाताने लिहून.