वेचणीच्या किलोंची अदलाबदल: चूक सॉर्टमध्ये आहे

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण यात कोणाच्या तरी घामाचा पैसा आहे. चौघी बायांची आठवड्याची कापूस वेचणी ९६, २१२, ४५ आणि १७८ किलो. तुमच्या जावास्क्रिप्ट प्रोग्रॅममध्ये नावांची ॲरे (ओळीनं ठेवलेली यादी) वेगळी, किलोंची वेगळी. यादी नीट दिसावी म्हणून तुम्ही किलोंवर सॉर्ट, म्हणजे क्रम लावणारं फंक्शन, चालवलं आणि बाजाराच्या दिवशी पहिलीला चौथीची मजुरी गेली. एकूण बेरीज मात्र ५३१ बरोबर, म्हणून शंका आली नाही.

सॉर्टला काही सांगितलं नाही तर ते आकड्यांनाही अक्षरं समजून लावतं. म्हणून १७८, २१२, ४५, ९६ असा क्रम झाला. त्यात दुसरी आणि तिसरी योगायोगानं जागेवरच राहिल्या, बिघडलं फक्त पहिली आणि चौथीचं. असली चूक सापडायला फार वाईट.

पण दोन आकड्यांत आधी कोणता हे सॉर्टला सांगणारं तुलनेचं फंक्शन नीट लिहिलं असतं तरी घोळ झालाच असता. सॉर्ट नवी यादी देत नाही, आहे तीच हलवतं. किलो हलले, नावं तिथंच राहिली. म्हणून आधी दोन ॲरे ठेवणं सोडा. प्रत्येक बाईचं एक ऑब्जेक्ट (एकत्र बांधलेली नोंद) करा, त्यातच नाव आणि किलो. मग तुलनेच्या फंक्शनमधून 'अ.किलो - ब.किलो' परत करा. (हो, जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात.) आता कोणी कुठंही सरकलं तरी तिचे किलो तिच्यासोबतच जातील.

मूळ क्रमही हवा असेल तर टूसॉर्टेड हे फंक्शन वापरा, ते जावास्क्रिप्टच्या २०२३ च्या आवृत्तीत आलं आणि नवी ॲरे देतं. आपल्याकडे जुने मोबाईल बरेच, त्यांच्या ब्राउझरमध्ये ते नसणार. तिथं आधी स्लाइसनं प्रत काढा, मग प्रतीवर सॉर्ट. फक्त प्रत ही यादीची असते, आतली ऑब्जेक्ट तीच. प्रतीत कोणाचे किलो बदलले तर मूळ यादीतही बदलतील.

आता ज्याची मला जास्त काळजी वाटते ते. फॉर्ममधून आलेला आकडा मजकूर असतो. वजाबाकीत तो आपोआप संख्या होतो, म्हणून सॉर्ट बरोबर दिसेल, पण रिड्यूसनं (सगळी यादी एकत्र करणारं फंक्शन) बेरीज केली की ९६ आणि २१२ चे ३०८ होत नाहीत, एकापुढे एक चिकटतात. नोंद घेतानाच तो मजकुराची संख्या करणाऱ्या नंबर फंक्शनमधून काढा. मराठी कीबोर्डवर टाकलेला '९६' जावास्क्रिप्टला कळत नाही, तिथं नॅन (NaN, म्हणजे 'संख्या नाही') येतं आणि एका नॅनमुळे सगळी बेरीज नॅन. रिकामी चौकट त्याहून वाईट: तिचा गुपचूप शून्य होतो. वावरात दिवसभर राबलेल्या बाईच्या नावावर शून्य किलो. म्हणून चौकट रिकामी असेल तर नोंद घेऊच नका, तिथंच थांबवा.

सॉर्ट झालेली ॲरे तुम्ही तशीच साठवली, म्हणजे जुना क्रम त्यातून परत मिळणार नाही. काट्यावरची वही काढा, मागचे सगळे आठवडे तिच्याशी ताडा. या आठवड्यात चौथीचे ८२ किलोंचे पैसे राहिलेत, ते पुढच्या बाजाराची वाट न पाहता उद्याच नेऊन द्या.